सायकल मार्गाच्या पाट्या लावायला स्वयंसेवक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

आमच्या जवळच्या सायकल रूटवर अर्ध्या पाट्या गायब आहेत, दोन तर चक्क उलट्या दिशेला फिरल्यात. रविवारी दोन तास देऊ शकतो. सरळ जाऊन लावल्या तर चालेल का?

चेनतेल: सरळ नको रे! खांब ज्या खात्याचा त्यांची लेखी परवानगी आधी घे, नाहीतर तुझी पाटी पहिली निघेल. तोवर रूट दोन्ही बाजूंनी चालवून बघ, कारण जाताना दिसणारी पाटी येताना झाडामागे जाते. प्रत्येक वळणाचा फोटो आणि लोकेशन ठेव.

पंक्चरवाली: आणि वळणाच्या आधी एक बाण, वळल्यावर थोडं पुढे अजून एक, म्हणजे माणूस बरोबर चाललाय हे कळतं. आम्ही दुसरी विसरलो होतो, लोक परत फिरून यायचे 😄 बेल्जियममध्ये तर १९९५ पासून चौकांना नंबरच दिलेत, नंबर लक्षात ठेवायचे आणि निघायचं, भारी सोपं.

चेनतेल: हो, पण खरं काम फांद्या छाटणं आणि काचा उचलणं. कात्री, झाडू, हातमोजे घेऊन जा. एकटा जाऊ नकोस.