जॉर्जे कोशबुक यांचे साहित्यिक वर्तुळ

प्रश्न : रुमानियन कवी व अनुवादक जॉर्जे कोशबुक (१८६६–१९१८) यांची जडणघडण कोणाच्या सहवासात झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर : कोशबुक मूळचे ट्रान्सिल्व्हेनियाचे, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतले. तिथल्या सिबिऊ शहरातील ‘त्रिबुना’ या वृत्तपत्रात कथाकार इओन स्लाविच यांनी त्यांना हाताशी धरले. तेथे १८८९ मध्ये आलेली ‘झाम्फिराचे लग्न’ ही कविता गाजली आणि ‘जुनिमेआ’ या साहित्यिक मंडळाचे समीक्षक तितू मायोरेस्कू यांनी त्याच वर्षी त्यांना बुखारेस्टला बोलावून घेतले. पुढे १८९४ मध्ये स्लाविच आणि नाटककार कराजाले यांच्यासह त्यांनी ‘वात्रा’ हे नियतकालिक काढले. इतक्या भिन्न प्रकृतीच्या तिघांनी एकत्र संपादनाला बसावे, ही मला त्या काळाची खरी श्रीमंती वाटते.

दुसरे उत्तर : अनुवादक कोशबुक यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. व्हर्जिलचे ‘ईनिड’ हे लॅटिन महाकाव्य त्यांनी १८९६ मध्ये रुमानियनमध्ये आणले, त्याला रुमानियन अकादमीचा पुरस्कार मिळाला. पाठोपाठ १८९७ मध्ये जर्मन अनुवादाच्या आधारे ‘शाकुंतल’ आले. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’साठी मात्र ते इटालियन शिकले, मूळ त्रिपदी रचना सांभाळत वर्षानुवर्षे खपले. तो अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर इटालियन अभ्यासक रामिरो ओर्तिझ यांनी संपादित करून १९२५ पासून प्रसिद्ध केला.