मदत हवी आहे: व्लाड रक्तपिपासू कधीपासून झाला?

ड्रॅक्युलाच्या जन्मकथेवरच्या आगामी सिनेमाचा ट्रेलर पाहिल्यापासून चैन नाही. त्यात वालाकियाचा (आजच्या रोमानियातला प्रदेश) राजा व्लाड तिसरा थेट व्हॅम्पायर होतो. सिनेमाआधी इतिहास आणि दंतकथा वेगळी करून घ्यायची आहे.

लहानपणी ऑटोमन दरबारात ओलीस, १४६२ साली सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या छावणीवर रात्रीचा छापा, सुळावर दिलेले कैदी, एवढं वाचून झालंय. (क्रूर होता, मान्य, पण क्रूर राजे काय कमी झाले?) ब्रॅम स्टोकरची १८९७ची 'ड्रॅक्युला' कादंबरीही वाचलीय. रोमानियन लोककथांमधले 'स्ट्रिगोई' कबरीतून उठतात, पण त्यांच्यात मला व्लाड सापडला नाही.

जर्मन-रोमानियन येत नाही. मराठी किंवा इंग्रजी चालेल. सिनेमाचं कथानक मात्र फोडू नका.

स्टोकरच्या आधीच्या एखाद्या लोककथेत व्लाडला रक्त पिणारा म्हटलंय का? असल्यास कुठे वाचायला मिळेल?