एपीआयमध्ये फिल्टर लावून पेजेस ओढतोय, ४३७ पैकी २३७च हाती लागले, बाकीचे कुठे गेले?

कोथरूडचा_कोडर:
मंडळी डोकं फिरायची वेळ आलीये. आमचं माणसं पुरवायचं छोटं ऑफिस आहे, हिंजवडीतल्या दोन-तीन कंपन्यांचं काम असतं, उमेदवारांचा सगळा डेटा एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये (नाव नाही घेत). त्याच्या एपीआयवर (म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला डेटा मागायची खिडकी) मी पायथनची स्क्रिप्ट लिहिलीये. स्टेटस 'न्यू' असा फिल्टर, एका पेजला १०० अर्ज. पेज आलं की त्यातल्या सगळ्यांना मेल टाकायचा, स्टेटस 'स्क्रीनिंग' करायचं आणि मग पेज नंबर एकने वाढवून पुढचं पेज. काल टोटल ४३७ दाखवत होतं, तिसऱ्या पेजवर ३७ आले आणि चौथं रिकामं. मेल गेले २३७, बाकीचे २०० अजून 'न्यू'मध्येच बसलेत. एरर एक नाही, सर्व्हरचा स्टेटस कोडही २०० (म्हणजे सगळं ओके) आणि गायब माणसंही २००!
अजून एक, स्किलमध्ये सी++ टाकलं की नुसती सी येणारी पोरं येतात. सपोर्टला लिहिलं तर तिकीट नंबर आला, बाकी शांतता.

चहा_कमी_साखर:
कॅशचा लोचा असेल, साठवलेलं जुनंच उत्तर परत येत असेल. पेज साइझ ५०० करून बघ.

कोथरूडचा_कोडर:
मॅक्स १००च आहे हो, जास्त टाकलं तरी १००च येतात.

इंडेक्सवाली:
कॅश बिश काही नाही. बरोब्बर २०० गायब म्हटल्यावरच कळलं, गोल आकडा आला की चोर पेजिंगमध्येच असतो. तू ज्या यादीतून पेजेस ओढतोयस तीच यादी तू स्वतः कापतोयस. दगडूशेठच्या रांगेतले पहिले शंभर जण दर्शन घेऊन गेले की १०१वा माणूस पहिला होतो ना, पण तू म्हणतोस मला १०१व्या जागेपासून पुढचे द्या. म्हणजे मूळ यादीतले १०१ ते २०० तू पाहिलेच नाहीस, थेट २०१ ते ३०० घेतलेस. मग पेज ३ मागितलंस तेव्हा 'न्यू'मध्ये उरले होते २३७, त्यातले पहिले २०० सोडून ३७ मिळाले, ते ४०१ ते ४३७. राहिले कोण, १०१ ते २०० आणि ३०१ ते ४००. आयडी लावून बघ, हेच निघतील. एपीआय बिचारं बरोबर वागतंय, पेज म्हणजे शेवटी 'इतके सोडा, इतके द्या' एवढंच असतं, दर वेळी फिल्टर नव्याने लागतो.

चहा_कमी_साखर:
मग सोप्पंय, कायम पेज १च मागत राहायचं, रिकामं येईपर्यंत.

इंडेक्सवाली:
चालेल, पण एखाद्याचा मेल आयडीच चुकीचा असेल आणि स्टेटस बदललंच नाही तर तो जन्मभर पेज १वर येत राहील आणि तुझी स्क्रिप्ट रात्रभर त्यालाच मेल टाकत बसेल. हे मी करून बसलेय, त्यावर जास्त बोलत नाही 😅 आधी सगळ्या पेजेसमधले नुसते आयडी एका लिस्टमध्ये गोळा कर, हात लावू नकोस कशाला, मग लिस्टवर काम कर. सॉर्ट आयडीवर, चढत्या क्रमाने. नवीन अर्ज आधी असा सॉर्ट ठेवलास तर मधेच कोणी अप्लाय केलं की सगळे एक घर खाली सरकतात आणि तोच माणूस दोनदा येतो. एपीआयमध्ये कर्सर (कुठपर्यंत वाचलं याची खूण) असेल किंवा 'या आयडीच्या पुढचे' असा फिल्टर असेल तर तोच वापर, त्याला रांग सरकली तरी फरक पडत नाही आणि डेटाबेसलाही हजारो रो मोजून टाकून द्यायला लागत नाहीत.

वाकडेवाडी_लोकल:
सी++चं मी सांगतो. यूआरएल हाताने जोडतोयस ना? क्वेरीमधला प्लस म्हणजे स्पेस धरतात, सर्व्हरला 'सी' आणि दोन स्पेस पोचतात, तो ट्रिम करतो, उरतो सी. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला पॅराम्सची डिक्शनरी दे, ती प्लसचं आपोआप टक्का-२बी (%2B, यूआरएलमधला खरा प्लस) करते. हाच प्लस तारखेतही चावतो, आपल्या वेळेपुढचं +०५:३० तसंच चिकटवलं तर सर्व्हरला प्लसच्या जागी मोकळी जागा दिसते.

कोथरूडचा_कोडर:
ताई पाया पडतो, आयडी काढून पाहिले, हुबेहूब तेच दोन गठ्ठे. सी++ पण आलं, ११ जण. आता साहेबांना सांगायचंय की २०० पोरांना मेल एक दिवस उशिरा का गेला, तेवढं रांगेचं उदाहरण ढापतो.