आउलबेअरचं पिल्लू रेंजरला पाळू द्यावं का? (लेव्हल ३, सल्ला हवाय)

फासेवाला_डीएम

मंडळी, घोडं अडलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन खेळतोय, मी डीएम म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, चार प्लेयर (एकेकाचं पात्र, रेंजर, बार्बेरियन वगैरे), सगळे नुकतेच तिसऱ्या लेव्हलला पोचलेत. मागच्या सेशनला पडक्या मनोऱ्यात त्यांनी आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) मारली, जाम घासून मारली, दोघांचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, शून्यावर गेलेले, आणि मी आपला सीन रंगवायच्या नादात बोलून गेलो की घरट्यात एक अंडं आहे आणि ते आतून हलतंय. झालं. रेंजरने ते अंडं उचललं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि आता ती म्हणते मी बीस्ट मास्टर (रेंजरचा जनावर पाळणारा प्रकार) घेते आणि माझा कम्पॅनियन, म्हणजे सोबतीचं जनावर, हाच.

२०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बघितलं तर सरळ लिहिलंय, बीस्टच (साधा प्राणी) पाहिजे, मीडियमपेक्षा (माणसाएवढ्या आकारापेक्षा) मोठा नको, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) १/४ किंवा त्याच्या खाली. आउलबेअर लार्ज, रेटिंग ३, आणि बीस्ट पण नाही, मॉन्स्ट्रॉसिटी, म्हणजे अनैसर्गिक राक्षस. म्हणजे तिन्ही विषयात नापास. नाही म्हणायला दोन सेकंद लागतील हो, पण ही मुलगी इतके महिने नुसती "मी बाण मारते" एवढंच बोलायची, आणि त्या दिवशी रात्रीच्या पहाऱ्यात अंड्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारत बसली, स्वतःच्या गावाबद्दल, आईबद्दल, सगळं. बाकीचे तिघं फासे खाली ठेवून ऐकत होते.

दुसरी भीती अशी की हिला दिलं की बाकीचे गप्प बसणार आहेत का. बार्बेरियनने ऑलरेडी विचारून झालंय की मिमिक पाळता येतो का. तोच, पेटीचं सोंग घेऊन बसतो तो. तुम्ही तुमच्या टेबलवर काय करता?

जुनी_वही

द्या की. फक्त आउलबेअरचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) देऊ नका, तिथेच सगळे फसतात. मोठी आउलबेअर म्हणजे ५९ हिट पॉइंट, एका टर्नमध्ये चोच आणि पंजा असे दोन हल्ले, दोन्ही लागले तर सरासरी २४ डॅमेज. तुमच्या फायटरचे तिसऱ्या लेव्हलला २८ च्या आसपास हिट पॉइंट असतील बघा. म्हणजे रेंजरचं पाळीव जनावर फायटरपेक्षा दुप्पट टिकाऊ आणि मारायला पण भारी, मग फायटरने काय दिवे धरायचे का मागे उभं राहून?

२०२० च्या टाशाच्या पुस्तकात (जादा नियमांचं पुस्तक) बीस्ट मास्टरला प्रायमल कम्पॅनियन म्हणून पर्याय दिलाय, त्यातला बीस्ट ऑफ द लँड घ्या. हिट पॉइंट ५ अधिक रेंजरच्या लेव्हलच्या पाचपट, म्हणजे तुमच्याकडे आत्ता २०. एसी (त्याला मार लागणं किती अवघड) १३ अधिक प्रोफिशिएन्सी (लेव्हलप्रमाणे वाढणारा बोनस, तुमचा २), म्हणजे १५. हल्ला एकच, डॅमेज सरासरी ८-९. वीस फूट सरळ धावत येऊन धडकला तर वर एक डी६ (सहा बाजूंचा फासा) डॅमेज आणि समोरचा आडवा पडू शकतो. आता मला सांगा, हे आउलबेअरचं पिल्लू नाही तर काय आहे? दिसायला घुबडाचं तोंड, अस्वलाचं अंग, आकडे पुस्तकातले. पुस्तकच म्हणतं की प्राणी कुठला ते तुम्ही ठरवा. रेंजर जशी वाढेल तसं पिल्लू आपोआप वाढतं, तुम्हाला काही हिशोब ठेवायला नको.

आणि २०१४ वाला ओरिजिनल बीस्ट मास्टर तर देऊच नका, लांडग्यासाठी पण नको. त्यात जनावराला हल्ला करायला सांगण्यात रेंजरची स्वतःची अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) जाते, पाचव्या लेव्हलपर्यंत एक तर तू मार नाहीतर कुत्रं मारेल. टाशामध्ये जोडीच्या छोट्या कृतीवर, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनवर भागतं.

कासव_लेव्हल_१

वरच्या दादांचं गणित बरोबर आहे पण मला हे नुसतं कातडं बदलणं कधीच पटलं नाही, सॉरी. मी प्लेयर म्हणून सांगते. माझ्या ड्रुइडला डीएमने राक्षसी खेकडा दिलेला, दिसायला खेकडा आणि आकडे लांडग्याचे. दोन सेशन मजा आली. मग एकदा मी म्हटलं माझा खेकडा त्याला नांगीत पकडून ठेवतो, तर डीएम म्हणाला नाही, चावून पाडता येईल, लांडग्याला तेवढंच येतं. खेकडा चावून पाडतो!! आणि पाण्याखाली श्वास घेता येतो का विचारलं तर तो पुस्तक चाळायला लागला. तिथेच माझा खेकडा मेला खरं तर, नंतर चार महिने नुसता मागे चालत होता.

म्हणून आकडे कुठलेही घ्या पण त्या प्राण्याची एक तरी खोड खरी ठेवा. आउलबेअरला नजर आणि वास दोन्ही तीक्ष्ण असतात, पर्सेप्शनला (आजूबाजूचं जाणवायच्या रोलला) अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो, तेवढं पिल्लाला द्या, त्याने काही बिघडत नाही. आणि दुसरं, ती मॉन्स्ट्रॉसिटी आहे ते तसंच राहू द्या प्लीज. कारण मग अ‍ॅनिमल फ्रेंडशिप तिच्यावर चालत नाही, स्पीक विथ अ‍ॅनिमल्स पण नाही, ते दोन्ही स्पेल (मंत्र) फक्त बीस्टसाठी आहेत. विचार करा, रेंजर जंगलातल्या प्रत्येक खारीशी बोलू शकते आणि स्वतः वाढवलेल्या पिल्लाशी नाही. मला तर हे वाचूनच तुमच्या टेबलवर यावंसं वाटतंय.

सात_जनावरांचा_डीएम

मी आयडीच असा घेतलाय त्यावरून समजा. सहा प्लेयर होते, मी नवीन होतो आणि कोणालाच नाही म्हणायचो नाही. रेंजरचा बिबट्या, विझार्डचं घुबड, पॅलाडिनचा घोडा, वॉरलॉकचा इम्प (छोटा सैतान), तिथवर सगळं नियमातलं. मग बार्डने गोब्लिनांकडून लांडगा सोडवला, रोगने उंदीर पकडला, आणि शेवटी एक ब्लिंक डॉग (क्षणात जागा बदलणारा जादूचा कुत्रा) आला तो कोणाचा होता हे मला आजपण माहीत नाही. सात जनावरं. एका लढाईचा एक राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) चाळीस मिनिटं. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ना ते मी शब्दशः भोगलंय.

पण मग नीट बघितलं की त्रास नक्की कोणाचा होतोय, तर गंमत अशी की विचित्र प्राण्यांचा नव्हताच. बिबट्या रेंजरच्याच टर्नवर खेळायचा, उंदीर खिशात झोपायचा. डोक्याला ताप होता तो त्या साध्या घुबडाचा! फाइंड फॅमिलिअर (जादूने छोटा सोबती प्राणी बोलावणं), पहिल्या लेव्हलचं स्पेल, दहा सोन्याच्या नाण्यांचं सामान. हे घुबड स्वतःचं वेगळं इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) घेतं, साठ फूट उडतं, येऊन हेल्प करतं (सोबत्याच्या हल्ल्याला मदत) आणि फ्लायबाय (झेपावून निसटायची खुबी) असल्यामुळे जाताना त्याला कोणी मारू पण शकत नाही. प्रत्येक राउंडला रोगला फुकट अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे प्रत्येक राउंडला स्नीक अटॅक, रोगचा जादा डॅमेज. एक हिट पॉइंटचं पाखरू माझ्या सगळ्या लढाया वाकवून गेलं आणि मी बसलोय आउलबेअर बॅलन्स्ड आहे का याची चिंता करत. म्हणजे मला म्हणायचंय की पुस्तकात आहे म्हणून बिनधास्त आणि पुस्तकात नाही म्हणून धोका असं काही नसतं. जनावराची वेगळी टर्न आहे का आणि ते दर राउंडला काय फुकट देतं, एवढं तपासा, बाकी त्याला पिसं असोत की शिंगं.

आता मी सरळ सांगतो, लढाईत माणशी एकच जनावर, ते मालकाच्या टर्नवर, आणि मालकाने दहा सेकंदात काय करायचं ते सांगितलं नाही तर ते डॉज करतं (नुसते वार चुकवतं). बाकीची जनावरं असू देत की, पण लढाई सुरू झाली की ती झुडपात.

जुनी_वही

@कासव मुद्दा मान्य, नांगीचं वाचून हसलो पण मान्य.

अजून एक आठवलं म्हणून सांगतो. या गेमच्या जुन्या ३.५ एडिशनमध्ये ड्रुइडला मोठा प्राणी मिळायचा पण त्याची किंमत मोजावी लागायची. लांडगा पहिल्या लेव्हलपासून, तपकिरी अस्वल सातव्या लेव्हलपासून, आणि अस्वल घेतलं तर प्राण्याला मिळणारे फायदे मोजताना तुमच्या लेव्हलमधून सहा वजा. म्हणजे सातव्या लेव्हलच्या ड्रुइडचं अस्वल पहिल्या लेव्हलच्या कम्पॅनियनसारखं, आणि त्याच लेव्हलचा लांडगा मात्र तोपर्यंत चांगला तयार झालेला. हे मला अजूनही सगळ्यात सरळ वाटतं. पाथफाइंडर नावाच्या अशाच गेमच्या दुसऱ्या एडिशनमध्ये तर तुमची एक अ‍ॅक्शन खर्च केली की प्राण्याला दोन मिळतात, वाद खल्लास.

आणि नियम नियम करणाऱ्यांसाठी, आउलबेअर हा प्राणी आला कुठून माहितीये ना? या गेमच्या कर्त्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स, त्याच्याकडे प्लास्टिकच्या स्वस्तातल्या खेळण्यांचं एक पाकीट होतं, त्यातल्या एका ध्यानाकडे बघून त्याने हा बनवला, १९७५ च्या ग्रेहॉक पुस्तकात पहिल्यांदा आला. ज्याचा जन्मच खेळण्यातून झालाय त्याला खेळू द्यायचं की नाही यावर आपण चर्चा करतोय.

फासेवाला_डीएम

वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. टाशाचं पटलं. कासवताई, खारीवाली आयडिया ढापतोय. दोन शंका. एक, पिल्लू मेलं तर? टाशात तासाभरात रेंजर स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्च करून जिवंत करू शकते, ते ठेवू का काढू? आणि दोन, तो मिमिक!! बार्बेरियन रोज मेसेज करतोय.

कासव_लेव्हल_१

ठेवा ठेवा. पण तिला आधी विचारा, सेशनच्या बाहेर, की पिल्लू मरू शकतं हे तुला चालेल का. काही जणांना तो धोका हवा असतो, मला अजिबात नको असतो, मी सरळ सांगितलेलं की खेकडा बेशुद्ध पडेल, मरणार नाही. उद्या लढाईच्या मध्ये टेबलवर रडारड झाल्यावर हा विषय काढू नका.

आणि पिल्लाचं वागणं तुमच्या हातात ठेवा. लढाईत ती चालवेल, पण एरवी ते काय खातं, कोणावर गुरगुरतं, गावात पहारेकरी बघून काय करतं ते तुम्ही बोला. नाहीतर पिल्लाची चार पायांची तलवार होते नुसती.

सात_जनावरांचा_डीएम

मिमिकला हो म्हणा पण कम्पॅनियन म्हणून नाही. तो लढाईत नाहीच. रेटिंग २, ५८ हिट पॉइंट, आणि चाल राउंडला पंधरा फूट, म्हणजे तसाही तो पार्टीबरोबर चालू शकत नाही, बार्बेरियनलाच पाठीवर वाहायला लागेल. तेच करा. पाठीवर पेटी आहे, पार्टीचं सोनं तिच्यात ठेवतात, आणि ती कधीकधी त्यातलं थोडं खाते. दर वेळी उघडताना एक डी२०, एक आला तर बोट गेलं. आणि अंगाला चिकट असतो तो, पाठीवरून काढायचा कसा हे बार्बेरियनला ठरवू दे. महिन्याभरात एक तर तो स्वतः सोडून देईल नाहीतर तुमच्या कॅम्पेनमधलं सगळ्यात लाडकं कॅरेक्टर तेच होईल, दोन्हीकडून तुमचं काम हलकं.

घुबडाचं मात्र लक्षात ठेवा. विझार्ड आहे ना पार्टीत?

फासेवाला_डीएम

आहे. आणि तिने काल रात्रीच फाइंड फॅमिलिअर घेतलं. घुबड.

अपडेट देतो. काल सेशन झालं. पिल्लाच्या मरणाबद्दल रेंजरला आधी विचारलं तर म्हणाली मरू शकलं पाहिजे, नाहीतर मी त्याला पुढे पाठवताना विचारच करणार नाही. बरं म्हटलं. मग अंडं फुटायची वेळ आली, मी तिला अ‍ॅनिमल हँडलिंगचा रोल मागितला, तिचा आला दोन. पिल्लू बाहेर आलं, डोळे उघडले, आणि समोर पहिला दिसला तो बार्बेरियन, पाठीवर पेटी घेऊन वाकलेला. त्यालाच आई समजून बसलंय. रेंजर दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली ठीक आहे, मी वाट बघेन, आणि पुढचा अख्खा सेशन त्याला उंदीर पकडून आणून देत होती. पुढच्या वेळी परत रोल.