१२५ सीसीच्या गाडीचा हेडलाईट फारच मंद आहे, आधी काय बदलू?

रात्रपाळी

मंडळी, माझ्याकडे १२५ सीसीची जुनी गाडी आहे. इंजिन ठणठणीत आहे, विकायची इच्छा नाही. कामावरून परतायला रात्र होते आणि शेवटच्या रस्त्यावर एकही दिवा नाही. हेडलाईटचा उजेड इतका पिवळट पडतो की खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं. समोरून मोठं वाहन आलं की काही क्षण रस्त्याची कडाच हरवते.

डोक्यात बरंच काही आहे: एलईडी बल्ब, क्रॅश गार्डवर दोन जादा दिवे, मोठा हॉर्न, मागे रुंद टायर, जमलं तर वेगळा सायलेन्सर. सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करू? आताच्या बल्बवर १२ व्होल्ट ३५/३५ वॅट लिहिलंय.

किकस्टार्ट

एलईडी बल्ब टाका आणि मोकळे व्हा. पाच मिनिटांचं काम. मी टाकलाय, दिवसासारखा उजेड पडतो.

पकडपाना

रात्रपाळी, बल्ब विकत घ्यायच्या आधी एक मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) हातात घ्या. गाडीच्या विजेची कामं मी रोज करतो आणि मंद हेडलाईटची तक्रार आली की पहिलं माप बल्बच्या होल्डरवर घेतो. निम्म्याहून जास्त वेळा बल्ब बिचारा चांगलाच असतो, त्याच्यापर्यंत वीजच पुरी पोचत नाही.

हॅलोजन बल्बचं गणित फार कडक आहे. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड १० नाही, ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. आणि जुन्या गाडीत ही घट कुठे होते? हँडलवरच्या स्विचच्या पातळ पत्र्यांत, हेडलाईटमागच्या कनेक्टरमध्ये आणि अर्थमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या वाटेत. होल्डर काढून पाहा: पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं असेल, पिना काळ्या पडल्या असतील, तर तिथेच वीज उष्णता होऊन संपते आहे.

आता माप. इंजिन चालू, थोडा रेस, हेडलाईट डिपरवर (खालच्या उजेडावर), बल्ब जोडलेलाच. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग होल्डरच्या मागून डिपरची पिन आणि अर्थची पिन यांच्यात. बल्ब काढून माप घेऊ नका. भार नसताना सडकी वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते.

अजून एक पाहा. रेस दिला की उजेड वाढतो आणि गाडी स्लो झाली की विझायला येतो का? तसं असेल तर हेडलाईट बॅटरीवर नसून थेट स्टेटरच्या, म्हणजे इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या भागाच्या, कॉईलमधून एसीवर (सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर) चालत असेल. मल्टीमीटर एसीच्या रेंजवर ठेवून होल्डरवर मोजलं की खात्री पटते. तशा गाडीत साधा एलईडी बल्ब टाकला तर तो लुकलुकतो किंवा थोड्याच दिवसांत जातो. त्याला डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज लागते.

चेनस्प्रॉकेट

वरच्याशी सहमत. टायरबद्दल एवढंच: मूळ रिमला जेवढी रुंदी चालते तेवढीच घ्या. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो. मग रस्त्याला टेकतो कमी, वळणावर गाडी जड लागते, वर चेनकव्हरला घासायची भीती. पैसे खर्चायचेच असतील तर त्याच मापाचा चांगल्या रबराचा टायर आणि नवे ब्रेक शू. सायलेन्सर तूर्त विसरा. नुसता सायलेन्सर मोकळा केला की कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात आणि अंधारात त्याचा काही उपयोग नाही.

रात्रपाळी

मोजलं! रेसने उजेड बदलत नाही, म्हणजे डीसी दिसतंय. बॅटरीवर १३.९ व्होल्ट आले, होल्डरवर ११.४. कनेक्टरची एक पिन अगदी काळी आहे, बोटाने दाबली तर डुगडुगते. आता सरळ ६०/५५ वॅटचा एच-४ जातीचा बल्ब टाकू का? दुकानदार म्हणतो बसतो.

पकडपाना

अडीच व्होल्ट वाटेत संपतायत. म्हणजे बॅटरीवरचं पूर्ण व्होल्टेज बल्बला मिळालं असतं, तर आजच्या जवळपास दुप्पट उजेड त्याच बल्बमधून पडला असता. तुमच्या गाडीचं दुखणं सापडलं, फार बरं झालं.

एच-४ मात्र नको. तुमचा ३५/३५ वॅटचा बल्ब बहुधा एचएस-१ जातीचा असेल, बल्बच्या पत्र्यावर छापलेलं असतं. दोघांची बैठक जवळपास सारखी असल्याने घासूनपुसून बसवतात, पण आत जळतं ते जवळजवळ दीडपट वॅट. ३५ वॅटला वायरमधून साधारण ३ अँपिअर जातात, ५५ ला साडेचारच्या वर. तुमचा होल्डर ३ अँपिअरलाच काळा पडलाय. शिवाय लहान गाड्यांचे रिफ्लेक्टर बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. जास्तीच्या उष्णतेने आतला चंदेरी लेप धुरकटतो आणि एकदा लेप गेला की कुठलाही बल्ब टाका, उजेड परत येत नाही.

करायचं ते असं. होल्डर नवा, शक्यतो सिरॅमिकचा. मग रिले, म्हणजे किरकोळ करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून १० अँपिअरचा फ्यूज, तो बॅटरीच्या अगदी जवळ. तिथून दीड चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ नंबरवरून बल्बला. जुनी डिपरची वायर ८६ ला, ८५ अर्थला. अप्परसाठी (लांबच्या उजेडासाठी) असाच दुसरा रिले. बल्बची अर्थ वायरही नवी, थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. फ्रेमवर गंजलेल्या बोल्टखाली अडकवू नका. आता स्विचमधून फक्त रिले चालवण्यापुरता किरकोळ करंट जातो, त्यामुळे स्विचही टिकतो.

किकस्टार्ट, तुमचा एलईडी तुम्हाला लख्ख वाटतो यावर माझा विश्वास आहे. प्रश्न समोरच्याचा आहे. अशा बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून उजेडाला वरून स्पष्ट कड येते. रिफ्लेक्टरचा फोकस त्या काही मिलिमीटरच्या तारेच्या जागेवर बांधलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्याच जागी, डाव्या-उजव्या बाजूला नसतील तर उजेड भरपूर पण विखुरलेला पडतो: पुढच्या चाकासमोर झगझगाट, लांबवर अंधार, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सगळं. जवळचा रस्ता फार उजळला की आपली बुबुळं आकसतात आणि लांबचं आणखी कमी दिसतं. ६००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) वरचा निळसर उजेड ओल्या रस्त्यावर मला तर निरुपयोगीच वाटतो. पावसात ३२०० च्या आसपासचा हॅलोजन डोळ्याला बरा. कुणी आंधळं होऊन आपल्या अंगावर यावं एवढा उजेड आपल्याला कशाला हवा?

किकस्टार्ट

समोरचे मला सारखे डिपर मारतात, त्याचं कारण आज कळलं. भिंतीवर पाडून बघतो. कसं बघायचं तेवढं सांगा.

पकडपाना

नक्की बघा. सपाट जमीन, दोन्ही टायरमध्ये बरोबर हवा, भिंतीपासून ५ मीटर. गाडीवर स्वतः बसा, मागे रोज कुणी बसत असेल तर त्यालाही बसवा, कारण मागचा शॉकअप दबला की पुढचा उजेड वर जातो. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कड त्या रेषेच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली आली पाहिजे. कड दिसतच नसेल, नुसता धूसर गोळा दिसत असेल, तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरचा नाही. स्क्रू फिरवून सुधारणार नाही.

रात्रपाळी, जादा दिव्यांचं नंतर बघू. छोट्या स्टेटरची ताकद मोजकी असते: हेडलाईट ३५ वॅट, टेललाईट ५, ब्रेक दाबला की आणखी २१, एका बाजूचे दोन इंडिकेटर मिळून साधारण २०, वर हॉर्न. त्यावर दोन दिवे लावायचे तर सगळं चालू ठेवून बॅटरीवर १३ च्या वर व्होल्ट राहतात का ते आधी पाहा. खाली गेले तर बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाईल. हॉर्न खुशाल लावा, फक्त त्यालाही स्वतःचा रिले द्या.

रात्रपाळी

सिरॅमिक होल्डर आणि दोन रिले आणतो. रविवारी बसवेन. बल्ब तोच ठेवू का?

पकडपाना

काच काळवंडली असेल तर त्याच वॅटचा नवा घ्या. काचेला बोट लावू नका, तेलकट डाग तापून काच फुटू शकते. बसवून झालं की डिपर चालू ठेवून तीच दोन मापं पुन्हा घ्या आणि आकडे इथे टाका. दोघांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला पाहिजे. जास्त आला तर बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा, चोर बहुतेक तिथेच सापडेल.