जपानी बोलताना मधलं इंग्रजी कधी सुटलं? – तुमचे अनुभव

जपानी शिकणाऱ्या, शिकलेल्या, तिथे राहिलेल्या सगळ्यांना विनंती: तुम्ही बोलायला कसे लागलात ते लिहा. कांजी (जपानीतली चित्रलिपीसारखी अक्षरं) आणि परीक्षा यांवर पुष्कळ चर्चा होते. पण जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या सोप्या एन५ ते अवघड एन१ या पाचही पातळ्यांत तोंडी परीक्षा नाहीच, त्यामुळे बोलणं मागे पडतं. सुरुवात मीच करते.

मी पुण्यात शिकले. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे जपानी वाक्य समोर आलं की डोक्यात आधी त्याचं इंग्रजी व्हायचं. प्रत्येक वाक्याला ‘वाताशी वा’ (म्हणजे ‘मी’), समोरच्याला ‘आनाता’ (म्हणजे ‘तुम्ही’). एन३ पास झाले तरी चार वाक्यं सलग बोलता येईनात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांना जपानी यायला सुमारे २२०० तास धरले आहेत. तो आकडा वाचून मी खचलेच होते. तेव्हा आमच्या बाई म्हणाल्या, “अगं, घरी बोलतेस तशी बोल ना!” त्यांनी फळ्यावर लिहिलं: ताबेते मिरु, खाऊन बघणं. कात्ते ओकु, विकत घेऊन ठेवणं. मिरु म्हणजे बघणं, ओकु म्हणजे ठेवणं. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने! दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, ‘घरात’मधल्या ‘त’सारखे प्रत्यय नामाच्या नंतर, आणि ‘जेवण झालं का?’ विचारताना ‘तू’ लागतच नाही. ‘आनाता’बद्दलही त्यांनी तेव्हाच सांगितलं: तिथली बायको नवऱ्याला आनाता म्हणते, आपल्या ‘अहो’सारखं. दुकानदाराला म्हणू नकोस. त्या दिवसापासून मी वहीत इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं.

नागोया, सात वर्षं

माझं अडलं ते ‘हाइ’वर, म्हणजे ‘हो’वर. पहिल्या मोठ्या मीटिंगमध्ये मी कामाच्या तारखा सांगत होतो, समोरचे गृहस्थ दर वाक्याला ‘हाइ, हाइ’ करत होते. मी भारतातल्या टीमला कळवून टाकलं की तारखा मंजूर. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, या तारखा जमणार नाहीत. ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकतोय’, एवढंच होतं ते. ऐकणाऱ्याच्या अशा हुंकाराला जपानीत आइझुची म्हणतात.

उलट बाजूने मीही चुकत होतो. फोनवर समोरचा बोलत असताना मी गप्प राहून नीट ऐकायचो, आणि तो मध्येच थांबून ‘मोशी मोशी?’ (हॅलो?) विचारायचा. त्याला वाटायचं, फोन कटला. लहानपणी आजी गोष्ट सांगताना म्हणायची, “हुंकार दे रे, नाहीतर मी सांगायची नाही.” ते आठवलं आणि मग जमलं. एक जपून: ‘नारुहोदो’ (‘अस्सं होय’) हा हुंकार वरिष्ठांना देऊ नका, उद्धट वाटतो.

न्यू जर्सीत वाढलेली, सध्या शिकोकूत शाळेत इंग्रजी शिकवते

माझी पहिली भाषा इंग्रजीच, मराठी घरापुरती. त्यामुळे वरची मदत मला अर्धीच मिळाली आणि माझा झगडा उच्चारांशी झाला. इंग्रजीत आपण एका अक्षरावर जोर देतो आणि ते आपोआप लांबतं. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. सहकारी बाईंच्या मावशीची चौकशी करायला गेले, तर त्या हळूच म्हणाल्या, “आजी जाऊन दहा वर्षं झाली.” मला रडू आलं.

बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. ते म्हणाले, “मात्रा मोज.” शाळेत वृत्तं शिकताना ते मोजायचे तशा: ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. जपानी कान तसाच मोजतो. तोक्यो इंग्रजीत दोन-तीन अक्षरांत संपतं, जपानीत ‘तो-ओ-क्यो-ओ’ अशा चार टाळ्या. जोडाक्षरातल्या थांब्यालाही एक टाळी. ‘किते कुदासाई’ म्हणजे या, ‘कीते कुदासाई’ म्हणजे ऐका, ‘कित्ते कुदासाई’ म्हणजे कापा. तीन महिने रोज सकाळी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. आता माझे विद्यार्थी इंग्रजी बोलताना प्रत्येक अक्षर सारखं लांब का करतात, तेही मला कळतं, आणि मी त्यांच्यावर चिडत नाही.

कोल्हापूर, नुकतीच एन५

‘त्सु’ अवघड म्हणतात, पण तो चुलीतला च आहे, आणि ‘ची’ हा चहातला. दोन्ही आपल्या तोंडात आधीपासूनच आहेत.

ओसाका, ऑफिसात फोन घेते

मराठीने मला एका जागी फसवलं, तेही लिहायला हवं. आपण परक्यांसमोर आपल्या माणसांना मान देतो: ‘बाबा आलेत’, ‘साहेब बाहेर गेलेत’. जपानीत परक्याशी बोलताना आपली माणसं खाली उतरतात. माझे वडील ‘चिची’, तुमचे ‘ओतोओसान’. ग्राहकाचा फोन आला की स्वतःच्या साहेबांचं नाव ‘सान’ (नावापुढचं आदरार्थी ‘जी’) न लावता घ्यायचं. पहिल्यांदा ते म्हणताना जीभ अक्षरशः अडली. साहेब समोरच बसले होते. आधी मी ‘सान’ लावूनच बोलले. फोन ठेवल्यावर साहेबांनी शांतपणे समजावलं. आठवडाभर घरी आरशासमोर सराव केला. अजूनही पाठ ताठ करूनच तो फोन घेते.

पुणे, दोन वर्षं योकोहामात होते

चार तारीख ‘योक्का’, आठ तारीख ‘योओका’. मुलाला ताप होता, दवाखान्याने फोनवर आठ तारीख दिली, मी चारला त्याला कडेवर घेऊन पोहोचले. तिथल्या बाईंनी कॅलेंडर पुढे करून आठवर बोट ठेवलं, मुलाकडे बघितलं, आणि त्याच दिवशी आत घेतलं. तेव्हापासून मी तारीख ऐकली की आकडा पुन्हा विचारते: ‘हाची नो योओका देस का?’ म्हणजे आठाची आठ ना?