प्रति: बाबांची नजर आणि सुटलेला कट्टा

बाबांनी मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या आजारामुळे पेपर आणि कट्टा दोन्ही सोडलं, असं तुम्ही लिहिलंय. चष्म्याचा उपयोग नसेल, पण 'लो व्हिजन'ची, म्हणजे उरलेली नजर कशी वापरता येईल हे पाहणारी तपासणी वेगळी असते. पुण्यात महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चौकशी करा. दुकानातून अंदाजाने भिंग आणू नका, ते किती पटीचं हवं हे तपासूनच ठरतं.

घरात आजपासून दहीभात गडद ताटलीत वाढा. पांढऱ्या ताटलीत तो दिसतच नाही, चकचकीत स्टील तर डोळ्यांवरच येतं! दिवा समोर नको, खांद्यामागून हवा. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप आहे.

आणखी एक, जरा हळुवारपणे विचारा: नसलेल्या गोष्टी दिसतात का? नक्षी, फुलं, अनोळखी माणसं? नजर कमी झाली की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं रचतो, त्याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. लोक वेड्यात काढतील म्हणून माणसं गप्प बसतात. माझी मावशी बसली होती. कारण कळल्यावर मात्र "आज परत फुलं आली गं" असं स्वतःहून सांगायला लागली. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच, भास इतर कारणांनीही होतात.

कट्टा बहुधा चेहऱ्यांमुळे सुटला असेल. या आजारात नजरेचा मधला भागच जातो, समोरचा ओळखू येत नाही, आणि लोकांना वाटतं, आजोबांना शिष्टपणा आलाय. त्यांच्या मित्रांना एवढंच सांगा, की आधी नाव सांगा, मग गप्पा.